सर्वेशचा हौशी राहण्याचा निर्णय

"मॅडम, मुलाच्या हातात कला आहे, हे मी बाप म्हणून म्हणत नाही, खेळ कळणारी माणसे म्हणतात. मग तो प्रोफेशनल का होत नाही? घाबरतो का? आणि घाबरत असेल तर ती भीती काढता येईल का?" एका वडिलांनी फोनवर विचारलेला हा प्रश्न मी त्याच दिवशी वहीत जसाच्या तसा लिहून ठेवला, कारण समुपदेशक म्हणून थोड्याफार फरकाने तो मला वर्षातून अनेकदा ऐकावा लागतो. कधी तो बॅडमिंटन खेळणाऱ्या मुलीबद्दल असतो, कधी बुद्धिबळपटूबद्दल, कधी उत्तम गाणाऱ्या मुलाबद्दल. या वेळी तो गोल्फबद्दल होता, आणि गोल्फची मला तेव्हा जेमतेम तोंडओळख होती. पुढच्या चार महिन्यांत या कुटुंबाबरोबर ज्या बैठका झाल्या, त्यांतून मला जे समजले ते त्यांच्या परवानगीने येथे मांडत आहे. मुलाला मी सर्वेश म्हणेन. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सर्वेशचे घर काणकोण तालुक्यात आहे. वडील दक्षिण गोव्यातल्या एका रिसॉर्टमध्ये स्टोअरकीपर आहेत आणि त्या रिसॉर्टच्या आवारात गोल्फचे एक लहानसे मैदान आहे. पावसाळ्यात पर्यटक कमी झाले की कर्मचाऱ्यांच्या मुलांनी तिथे चेंडू मारले तर कोणी हटकत नसे. नवव्या-दहाव्या वर्षी सर्वेशच्या हातात पहिली काठी आली ती अशी. पुढे अभियांत्रिकीसाठी तो पुण्याला गेला, सैन्यातून निवृत्त झालेल्या मामांमुळे त्याला तिथे पूर्ण 18 होलच्या, म्हणजे चेंडू घालायच्या 18 खड्ड्यांच्या, मैदानावर खेळता आले, एका प्रशिक्षकाकडे रीतसर शिकवणी सुरू झाली आणि पदवी हातात पडेपर्यंत तो हौशी खेळाडूंच्या स्पर्धांत पहिल्या दहांत येऊ लागला. आता तो 25 वर्षांचा आहे, वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत गुणवत्ता विभागात नोकरी करतो, आणि त्याचा हँडिकॅप प्लस वन आहे.

हा शेवटचा शब्द मला पहिल्याच बैठकीत समजावून घ्यावा लागला. गोल्फमध्ये कमी फटक्यांत खेळ संपवणारा जिंकतो, आणि हँडिकॅप म्हणजे कमी तयारीच्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सवलत. नवख्याला ती 54 फटक्यांपर्यंत मिळू शकते, शून्य हँडिकॅपच्या खेळाडूला ती मिळतच नाही, आणि प्लस असलेल्याला उलट आपल्या फटक्यांत तेवढे फटके मिळवून दाखवावे लागतात. गोल्फ खेळणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक आयुष्यभर खेळूनही शून्याच्या आसपास पोहोचत नाहीत. त्यामुळे रिसॉर्टवर येणारे हौशी खेळाडू सर्वेशचा एक फटका पाहून त्याच्या वडिलांच्या खांद्यावर हात ठेवत आणि म्हणत, "याला इथे काय ठेवले आहे?" हे वाक्य त्या गृहस्थांनी गेल्या पाच-सहा वर्षांत किती वेळा ऐकले असेल, याची कल्पना करावी.

मडगावच्या माझ्या खोलीत ते तिघे प्रथम आले तेव्हा वडील बोलत होते, आई ऐकत होती आणि सर्वेश मांडीवर हात ठेवून बसला होता. त्याच्या हातांकडे माझे लक्ष गेले. उजवा हात मनगटापासून बोटांपर्यंत उन्हाने रापून काळवंडला होता, आणि डावा हात मनगटाच्या रेषेपर्यंत तसाच काळा, पण त्या रेषेच्या पुढे एखाद्या ऑफिसात बसणाऱ्या माणसासारखा फिका. मी विचारले तेव्हा तो म्हणाला की उजव्या हाताने खेळणारा गोल्फपटू डाव्या हातात मोजा घालतो, त्यामुळे असे होते. खेळाबद्दलची टाळाटाळ माझ्या मनात आधीच गृहीत धरलेली होती, आणि समोर मात्र वर्षानुवर्षे, आठवड्यामागून आठवडे उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाचे हात होते. त्या हातांनी मला त्याच क्षणी सावध करायला हवे होते. तसे झाले नाही.

माझा पहिला अंदाज स्पर्धेच्या भीतीचा होता, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. खेळाडूंमध्ये ही भीती खरी असते. गोल्फमध्ये तर तिच्या एका रूपाला यिप्स असे स्वतंत्र नाव आहे, ज्यात होलपासून दोन-तीन फुटांवरचा साधा फटका मारतानाही हात अचानक झटका देतो. वडिलांनी पुण्याजवळच्या एका स्पर्धेची हकिकत सांगितली होती, जिथे शेवटच्या होलवर असाच एक छोटा फटका हुकून सर्वेशचे तिसरे स्थान गेले. मला धागा सापडल्यासारखे वाटले आणि मी दोन बैठका त्या फटक्याभोवती घालवल्या. सर्वेश प्रत्येक प्रश्नाचे उत्तर शांतपणे देत होता. चेंडू कुठे होता, उतार डावीकडे कसा होता, आपण तो उतार कमी कसा धरला, हे त्याने कागदावर काढून दाखवले. स्पर्धेच्या आदल्या रात्री झोप येते का, असे विचारले तर म्हणाला, "बसमधून गेलो असलो तर जरा जास्तच येते." त्या हुकलेल्या फटक्यानंतर पुढच्या रविवारी काय केले, असे विचारले तेव्हा उत्तर आले की तुळशीजवळच्या नळावर जुन्या टूथब्रशने काठ्यांच्या खाचांतली माती काढली आणि दुपारी पुन्हा खेळायला गेला.

भीती असलेला माणूस असे बोलत नाही, निदान माझ्या अनुभवात तरी नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक तरुण जलतरणपटू येत असे. राज्याबाहेरच्या स्पर्धांबद्दल तिला विचारले की ती म्हणायची, "मला त्यात रसच नाही." पण स्पर्धेचे पत्रक घरी आले की तिच्या पोटात दुखायचे, स्वतःच्या वेळा ती कोणाला सांगत नसे, आणि त्या विषयावर बोलणे दोन मिनिटांच्या वर गेले की तिचा आवाज बारीक व्हायचा. तिचा नकार हा भीतीचा होता आणि त्यावर आम्ही पुष्कळ काम केले. भीतीने दिलेला नकार माणसाला त्या विषयाकडे पाहूच देत नाही. माहिती नको असते, आकडे नको असतात, चर्चा नको असते. सर्वेशकडे मात्र आकड्यांची वही होती. मी मागितली नसताना त्याने ती पुढच्या बैठकीला आणली, आणि मग मला माझा पहिला अंदाज सोडून द्यावा लागला.

त्या वहीतले एक पान मला आजही डोळ्यांसमोर दिसते. वर त्याचा स्वतःचा हँडिकॅप होता आणि खाली भारतातल्या टूरवर, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, सातत्याने कमावणाऱ्या खेळाडूंचा त्याने बांधलेला अंदाज, प्लस चार ते प्लस पाच. म्हणजे फरक तीन-चार फटक्यांचा. बाहेरच्या माणसाला तो नगण्य वाटतो. वडिलांनाही तसाच वाटत होता. पण व्यावसायिक स्पर्धा बहुधा चार फेऱ्यांची (एक फेरी म्हणजे 18 होल) असते, तेव्हा हा फरक बारा ते सोळा फटक्यांचा होतो, आणि अशा स्पर्धेत पहिला आणि दुसरा यांच्यात पुष्कळदा एका फटक्याचे अंतर असते. त्याच्याही खाली त्याने एक ओळ अधोरेखित केली होती. सध्याच्या पद्धतीत हँडिकॅप काढताना खेळाडूच्या शेवटच्या 20 फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या 8 धरल्या जातात. "म्हणजे प्लस वन ही माझ्या चांगल्या दिवसांची किंमत आहे, मॅडम," तो म्हणाला. "उरलेले बारा दिवस त्यात कुठेच नाहीत. टूरवर ते बारा दिवसही मोजले जातात."

दुसऱ्या पानावर पैसे होते. दोन फेऱ्या संपल्या की व्यावसायिक स्पर्धेत कट लागतो; त्या रेषेच्या आत राहिलेले पुढच्या दोन फेऱ्या खेळतात आणि बक्षिसाच्या रकमेत वाटा मिळवतात, बाहेर गेलेले सामान आवरून घरी जातात. प्रवास, लॉज, कॅडीचे (खेळाडूच्या काठ्या वाहणाऱ्या मदतनिसाचे) पैसे, प्रवेशशुल्क आणि प्रशिक्षक हा खर्च मात्र दोघांचाही सारखाच असतो. भारतात व्यावसायिक गोल्फचा मुख्य आधार असलेली प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया 2006 मध्ये सुरू झाली. तिच्यात शिरण्यासाठी आधी पात्रता स्पर्धा खेळावी लागते, आणि आत गेल्यावर पगार नावाची गोष्ट नसते. सर्वेशने वर्षभराच्या वीस स्पर्धांचा खर्च 12 लाखांच्या आसपास धरला होता. निम्म्या स्पर्धांत कट पार केला तरी आपल्या पातळीवर किती मिळेल, याचाही त्याने अंदाज केला होता आणि त्या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत पेन्सिलने एकच शब्द लिहिला होता: "बाबा". त्याचा अर्थ मी विचारला नाही. तो पुढे आपोआप कळला.

वडिलांना हे पान दाखवायचे ठरले तेव्हा मला वाटले होते की आकडे पाहून ते शांत होतील. तसे झाले नाही, आणि न होण्याचे कारण योग्यच होते. ते म्हणाले, "चौरासिया माळ्याचा मुलगा होता. त्याच्या बापाने कुठे बारा लाख घातले होते?" एसएसपी चौरासिया यांचे वडील कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबच्या मैदानावर हिरवळ राखण्याचे काम करीत, आणि त्या मुलाने 2008 मध्ये दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकून युरोपियन टूरवर नाव कोरले, पुढे 2016 आणि 2017 अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपनही त्याचीच होती. रिसॉर्टमधल्या एका कर्मचाऱ्याला आपल्या मुलासाठी यापेक्षा जवळचे उदाहरण कुठले मिळणार? सर्वेशने त्यांना एकच गोष्ट सांगितली. चौरासिया 1997 मध्ये व्यावसायिक झाले, तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती, आणि तो मोठा विजय अकरा वर्षांनी आला. लहानपणापासून ज्याच्या दाराशीच देशातला सर्वांत जुना गोल्फ क्लब होता, त्यालाही अकरा वर्षे लागली. "माझ्या दाराशी पावसाळ्यातले चार महिने होते, बाबा."

इथे मला एक गोष्ट स्पष्टपणे सांगावीशी वाटते, कारण असे अनुभव वाचून काही जण घाईने उलटा निष्कर्ष काढतात. भारतातल्या व्यावसायिक गोल्फचा मोठा भाग कॅडी म्हणून मैदानावर आलेल्या मुलांनी उभा केला आहे. 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकणारा अली शेर दिल्लीतला कॅडीच होता. या मुलांच्या पुढे नोकरी की टूर अशी निवड नव्हती. मैदान हेच त्यांचे रोजीरोटीचे ठिकाण होते आणि व्यावसायिक होणे ही तिथून वर जाण्याची एकच वाट होती. एखाद्या कॅडीच्या मुलाला मी सर्वेशचे उदाहरण देणार नाही. हौशी राहण्याचा निर्णय घेता येणे हेसुद्धा हातात पदवी आणि महिन्याच्या एक तारखेला पगार असल्यामुळे शक्य होते, आणि सर्वेशला ते पक्के ठाऊक आहे. तो म्हणाला, "नोकरी नसती तर मी पात्रता फेरीच्या रांगेत उभा असतो, हँडिकॅप काहीही असो."

आकड्यांनी वडिलांचे समाधान का होत नाही, याचा उलगडा चौथ्या बैठकीत झाला, आणि तो एका वेगळ्याच तक्रारीतून झाला. रिसॉर्टवर उतरलेल्या एका पाहुण्याने सर्वेशला विचारले होते की आठवडाभर रोज सकाळी तासभर मला शिकवशील का, तासाला दोन हजार देईन. सर्वेशने शिकवायला होकार दिला आणि पैसे मात्र घेतले नाहीत. वडील ते सांगताना अक्षरशः हळहळले. "सात दिवस, मॅडम. चौदा हजार रुपये. फुकट!" त्यांना हा मुलाचा बेफिकीरपणा वाटला होता. गोल्फच्या नियमांत शिकवण्याचे पैसे घेतले की हौशी दर्जा जातो, ही गोष्ट त्यांना कोणी सांगितलीच नव्हती, आणि सर्वेशने सांगितली तेव्हा ती सबब आहे असे त्यांना वाटले.

हा नियम इतर खेळांतल्या पालकांना चमत्कारिक वाटेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगते. गोल्फमध्ये हौशी असणे हा केवळ स्वभाव नाही, तो नियमांनी ठरवलेला दर्जा आहे. 2022 पासून नियम पुष्कळ सैल झाले; हौशी खेळाडूला प्रायोजक घेता येतो, आपल्या नावावर जाहिरात करता येते. पण स्पर्धेतले बक्षीस 700 पौंड किंवा 1000 डॉलरच्या मर्यादेतच घेता येते, आणि मोबदला घेऊन शिकवणे सर्वसाधारणपणे चालत नाही. एकदा व्यावसायिक झाल्यावर हौशी स्पर्धांचे दार बंद होते. पुन्हा हौशी होता येते, पण त्यासाठी अर्ज करून ठरावीक काळ थांबावे लागते. 2024 च्या जानेवारीत निक डनलॅप या अमेरिकेतल्या 20 वर्षांच्या महाविद्यालयीन खेळाडूने तिथल्या पीजीए टूर या मुख्य व्यावसायिक टूरवरची स्पर्धा जिंकली आणि तो हौशी असल्यामुळे विजेत्याचे 15 लाख 12 हजार डॉलर दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला गेले. काही दिवसांतच तो व्यावसायिक झाला. वडिलांनी ही बातमी कुठेतरी वाचली होती आणि तीही त्यांनी सर्वेशसमोर ठेवली. सर्वेशचे म्हणणे असे की डनलॅपने ती स्पर्धा जिंकून टूरवरची जागा आधीच मिळवली होती, त्याला फक्त आत जायचे होते. आपल्याला अजून दारापर्यंतही पोहोचायचे आहे.

पण त्या चौदा हजारांवर वडील एवढे का अडले, हा प्रश्न माझ्या मनातून जाईना. मी त्यांना एकट्यांना बोलावले आणि सरळ विचारले, "काका, पैशाची अडचण आहे का?" बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग त्यांनी सांगितले की पुण्यातली शिकवणी, गोल्फ किट आणि स्पर्धांचा प्रवास यासाठी त्यांनी नोकरदारांच्या पतसंस्थेतून साडेतीन लाखांचे कर्ज काढले होते, त्यातले पावणेदोन लाख अजून बाकी होते, आणि हे घरात पत्नीशिवाय कोणालाही माहीत नव्हते. निवृत्तीला तीन वर्षे उरली होती. मुलगा टूरवर जाईल, पहिले बक्षीस येईल आणि त्यातून हे फिटेल, असा त्यांचा हिशेब होता. फोनवर त्यांनी मुलाच्या भीतीबद्दल विचारले होते. रात्री जागे ठेवणारी भीती त्यांची स्वतःची होती.

मुलाच्या कौशल्याबद्दलच्या चिंतेत पालकांचा पैसा मिसळलेला असतो, ही गोष्ट आपल्याकडे फार संकोचाने बोलली जाते. खर्च केला हे बोलून दाखवणे म्हणजे मुलावर उपकार मोजणे, असे आईवडिलांना वाटते, आणि ती भावना मी समजू शकते. पण न बोललेले कर्ज वेगळ्या वाटेने बोलते. ते "तुझ्यात धमक नाही" असे बोलते, "लोक काय म्हणतात बघ" असे बोलते, आणि मुलाला मात्र त्यातला कर्जाचा भाग कधीच ऐकू येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी आता पहिल्या दोन बैठकांतच या विषयाबद्दल विचारते. सर्वेशच्या बाबतीत तो मी चौथ्या बैठकीपर्यंत विचारला नाही, कारण भीतीच्या शोधात मी चुकीच्या माणसाकडे पाहत होते.

वडिलांनी स्वतः सांगायचे, मी मध्ये बोलायचे नाही, असे ठरले. त्यांनी पतसंस्थेचे पासबुक आणले होते. सर्वेशने ते उघडले, शेवटच्या पानावरचा आकडा पाहिला आणि आपली वही काढून ते पेन्सिलने लिहिलेल्या "बाबा" शब्दाचे पान त्यांच्यापुढे सरकवले. टूरवर गेलो आणि कमी पडलो तर ती तूट बाबा कुठून तरी भरून काढतील, मला न सांगता, आणि मला त्यांना तसे करू द्यायचे नाही, असा त्या शब्दाचा अर्थ होता. कर्जाचा आकडा त्याला माहीत नव्हता, पण बापाचा स्वभाव माहीत होता. आई इतक्या बैठकांत प्रथमच बोलली. "पुता, हे तू आधी सांगायचे होतेस," ती म्हणाली, आणि मग नवऱ्याकडे वळून, "आणि तुम्हीसुद्धा."

तरीही वडिलांच्या मनातला एक सल उरलाच होता, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. ते गावच्या देवळातल्या भजनी मंडळात तीस वर्षे पखवाज वाजवतात. आसपासच्या गावांतही त्यांना बोलावणे असते. मी त्यांना विचारले की इतका चांगला हात असून तुम्ही हा व्यवसाय का केला नाही, असे तुम्हाला कोणी कधी विचारले का. माझी अपेक्षा होती की या प्रश्नाने त्यांना मुलाची बाजू कळेल. ते क्षणभरही न थांबता म्हणाले, "ती सेवा आहे, मॅडम. हा खेळ आहे. आणि माझ्या पखवाजासाठी माझ्या बापाने कर्ज काढले नव्हते." उत्तर चोख होते आणि मी ते मान्य केले. तयार उपमा समुपदेशकाला सोयीची असते, समोरच्याला ती लागू पडेलच असे नाही.

त्यानंतर आम्ही "हौशी" या शब्दावरच बोललो. मराठीत हौस म्हणजे मनाची आवड, पण "हौशी" म्हटले की त्यात अर्धवट, वेळ मिळाला तर करणारा, असा हलका सूर येतो. गोव्यात तरी तो सूर टिकायला नको होता. आपल्याकडे जत्रेला गावोगाव मराठी नाटके होतात, कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेला दरवर्षी हौशी संघ उतरतात, आणि दिवसा शाळेत शिकवणारा किंवा बँकेत बसणारा माणूस रात्री अशी भूमिका करतो की मुंबईच्या रंगभूमीवरच्या कलावंतानेही दाद द्यावी. त्याच मातीतून मास्टर दीनानाथ गेले, केसरबाई केरकर गेल्या, मोगूबाई कुर्डीकर गेल्या, आणि ते गेले हे आपले भाग्य. जे राहिले त्यांच्याबद्दल मात्र "बिचारा, संधी मिळाली नाही" असे म्हणण्याची सवय आपल्याला लागली आहे. त्यांतल्या कितीजणांनी ती संधी पाहून, तिची किंमत जोखून मग नाही म्हटले, हे आपण कधी विचारलेच नाही. वडिलांनी या वेळी वाद घातला नाही. एवढेच म्हणाले की त्यांच्या ऐन तरुणपणी गावच्या नाटकात काम करणाऱ्या एका मास्तरांना मुंबईहून बोलावणे आले होते आणि ते गेले नाहीत, आणि का गेले नाहीत हे विचारायचे राहूनच गेले.

सर्वेशबरोबरच्या शेवटच्या एकट्या बैठकीत मी पैशाचा विषय पूर्ण बाजूला ठेवून विचारले की समज, कोणी पाच वर्षांचा खर्च उचलला, घरावर काही बोजा नाही, तर जाशील का? हा प्रश्न मी अशा प्रत्येक तरुणाला विचारते, कारण पुष्कळदा पैशाच्या कारणामागे दुसरे कारण उभे असते. त्याने वेळ घेतला. मग म्हणाला की पुण्यात असताना तो दोन व्यावसायिक खेळाडूंबरोबर महिनाभर सराव करीत होता आणि ते होलपासून चार फुटांवर चेंडू ठेवून तोच फटका एका दमात शंभर वेळा मारत. एक हुकला की पुन्हा एकपासून. त्यातला एक जण त्याला म्हणाला होता की हा फटका म्हणजे माझे घरभाडे आहे. "मला तो फटका तसा मारायचा नाही," सर्वेश म्हणाला. "मला चेंडू होलमध्ये जाताना बघायला आवडतो. आणि प्रयोगशाळेतले काम मला खरोखर आवडते, हे घरात कोणाला खरे वाटत नाही." हे बोलताना त्याचा आवाज पहिल्या दिवसासारखाच सरळ होता. भविष्यात कधी मन बदलले तर, असेही मी विचारले. त्यावर त्याने जे सिगेल या अमेरिकन खेळाडूचे नाव घेतले: तरुणपणी हाताला झालेल्या दुखापतीमुळे त्यांनी व्यावसायिक होण्याचा बेत सोडला, विम्याचा व्यवसाय केला, 1982 आणि 1983 मध्ये अमेरिकेची हौशी स्पर्धा जिंकली आणि पन्नाशीला ज्येष्ठांच्या टूरवर व्यावसायिक होऊन तिथे आठ स्पर्धा जिंकल्या. आपल्याकडे बिलू सेठी यांनी 1965 मध्ये हौशी खेळाडू म्हणूनच इंडियन ओपन जिंकली होती, हेही त्याने सांगितले. ही नावे त्याने स्वतःच्या समर्थनासाठी जमवलेली नव्हती. ज्या खेळावर आपले प्रेम आहे त्याचा इतिहास माणूस वाचतो, तशी ती त्याच्या बोलण्यात आली.

कर्जाचा उरलेला हप्ता सर्वेशने पगारातून भरायचा, वर्षाला चार बाहेरगावच्या हौशी स्पर्धा खेळायच्या आणि त्यांचा खर्च त्याचा त्यानेच करायचा, असे त्या तिघांनी घरी बसून ठरवले. त्यात माझा काही भाग नव्हता. रिसॉर्टवरचे पाहुणे अजूनही खांद्यावर हात ठेवतात, अजूनही तेच वाक्य म्हणतात.

चतुर्थीनंतर पंधरा दिवसांनी वडिलांचा फोन आला. घरी भजनाला आलेल्या एका नातेवाइकाने सर्वेशला नेहमीप्रमाणे विचारले होते, "मग टूरवर कधी?" सर्वेश फराळाच्या बशा उचलत होता. उत्तर वडिलांनी दिले. पखवाज बाजूला ठेवून त्यांनी त्या पाहुण्याला प्लस वन म्हणजे काय, प्लस पाच म्हणजे काय, चार फेऱ्यांत सोळा फटके कसे होतात आणि वीसांतल्या आठच फेऱ्या का धरतात, हे सगळे समजावून सांगितले. पाहुण्याला कितपत कळले ते ठाऊक नाही, असे ते म्हणाले. मी हप्त्याबद्दल विचारले.

"तो भरतो," ते म्हणाले. "पासबुक मात्र माझ्याकडेच ठेवले आहे."